सरी म्हणणारे विलासकाका

माझ्या विलासकाकांची नक्कल सगळ्यात सोपी. मान डावीकडे स्वल्प कलवायची, श्वास आत ओढायचा आणि त्या श्वासावरच म्हणायचं, "सरी," म्हणजे कानडीत 'बरं'. बास. शेजारच्यांनी जळलेला मिक्सर आणून ठेवला, सरी. बाबांनी स्कूटर नेली ती नेलीच, सरी. दिवसभर मारतहळ्ळीच्या दुकानात मिक्सर दुरुस्त करायचे आणि हेब्बाळला घरी येऊन फुकटातले दुरुस्त करायचे. लग्न तेवढं झालं नाही. तिथं बहुतेक कुणी विचारलंच नसावं.

त्यामुळे नीरजाआत्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डॉक्टर म्हणाले, भावांपैकी कुणी एक देऊ शकेल का बघा, तेव्हा आमच्या घरात फार चर्चा झाली नाही. बाबांनी, म्हणजे जयसिंगरावांनी, आपला शुगरचा रिपोर्ट काढून सगळ्यांना दाखवला. एरवी म्हैसूरपाक खाताना तोच रिपोर्ट आईपासून लपवलेला असतो. मग "आता विलासच," असं म्हणून त्यांनी उरलेला चहा संपवला.

काका म्हणाले, "सरी."

आई पुण्याची. पुढचं प्लॅनिंग तिनं घेतलं. "ॲक्च्युअली विलासभाऊजी, ऑपरेशननंतर तुम्हाला जिना नकोच. तुम्ही कायमचे खाली हॉलमध्येच झोपत जा. वरच्या खोलीत माझं ऑफिस होईल. विन-विन!"

गच्चीवरची ती खोली म्हणजे एक खिडकी, एक खुर्ची आणि पोट उघडून ठेवलेले मिक्सर. संध्याकाळी काका तिथे एकटेच बसतात.

"सरी, बघूया की," काका म्हणाले.

तपासण्यांत काका जुळले. राहिली मुलाखत. हॉस्पिटलची समिती दात्याला एकट्याला आत बोलावते, कॅमेरा लावते आणि विचारते, स्वतःच्या मनानं देताय ना? बाबांना घोर, विल्या ऐनवेळी गप्प बसला तर? म्हणून रविवारी हॉलमध्ये तालीम ठेवली. डॉक्टर अर्थातच मी. आमचे डॉक्टर प्रत्येक वाक्याआधी "नोडी", म्हणजे बघा, असं म्हणतात आणि मग खरंच आपल्याकडे बघत बसतात. आईचा चष्मा नाकावर ओढून मी सुरुवात केली, "नोडी विलास सर, घरच्यांचा काही दबाव?"

"नाही म्हण!" बाबा.

"कॉन्फिडंटली म्हणा हं," आई.

"नाही," काका पुटपुटले.

"अरे मोठ्यानं!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "आमच्यात बळजबरी चालत नाही म्हणून ठणकावून सांग!"

उपचारांसाठी आमच्याकडेच राहायला आलेली आत्या दिवाणावर पडून होती. निपाणीच्या शाळेत आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली बाई. "मी मागितली नाही हं कुणाकडं," ती भिंतीला म्हणाली.

"नोडी," मी म्हटलं, "सगळे बाहेर. दाता एकटा पाहिजे."

नियम तो नियम. बाबा आत्याला धरून स्वयंपाकघरात गेले, आई मागोमाग. दार लागलं. काका माझ्याकडे नाही, चष्म्याकडे बघत होते.

"भीती वाटते, डॉक्टर."

आता ही थट्टा उरली नव्हती. आवाज मात्र डॉक्टरांचाच आला. "नको असेल तर सांगा. घरी आम्ही कळवू, वैद्यकीय कारणानं जमत नाही. खरं कारण कुणाला कळणार नाही." डॉक्टर त्यांना असंच म्हणाले होते, मी दाराबाहेर बसून सूर टिपून घेतला होता.

"त्यानंच तर गोंधळ केलाय की," काका म्हणाले. "आधी ठरलेलंच होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. नाही म्हणता येतंय म्हटल्यावर मला विचार करावा लागला. अक्का डायलिसिसवरनं येते ना, चपला काढायला वाकत नाही. पायानंच ढकलते. आणि कुणी बघितलं तर नाही ना, ते बघते. मला द्यायचीय. भीती आहे तशी राहू दे."

मुलाखतीच्या दिवशी काका बराच वेळ आत होते. बाहेर आत्या चाकांच्या खुर्चीत, आणि बाबा फेऱ्या मारत, "हा काहीतरी भलतंच बोलणार बघ."

काका बाहेर आले. "देतोय."

"म्हटलं नव्हतं? आमचा विल्या कधी नाही म्हणायचा नाही!" बाबांनी त्यांना थोपटलं, तेही नेमकं जिथं टाके पडणार तिथं.

"सो स्वीट!" आई म्हणाली. "मग शनिवारी खोली रिकामी करून घेऊ ना?"

काकांची मान कलली. श्वास आत गेला. माझे ओठसुद्धा आपोआप तयार झाले.

"नाही," काका म्हणाले. "बरा होईपर्यंत खाली झोपतो, वहिनी. मग वर जाणार. खोली माझी राहील."

"पण विन-विन ठरलं होतं ना?" आई म्हणाली. बाबा समितीच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "यांनी आत काय शिकवलं याला?"

त्या संध्याकाळी बाबांनी समस्त नातेवाइकांना फोन केले. किडनी एका दमात उरकायची: "हो हो, विलास देतोय, ते ठरलेलंच होतं." मग आवाज चढायचा. "पण खोलीला सरळ नाही म्हणाला हो! घरच्या माणसांना! एवढा स्वार्थी कधी झाला, कळत नाही."

मी दिवाणापाशी जाऊन आत्याला तो 'नाही' करून दाखवला. मान, श्वास, सगळं जिथल्या तिथं.

आत्यानं डोळे मिटून ऐकलं.

"चुकलं," ती म्हणाली. "तू चिडून म्हणालीस. तो चिडला नव्हता. परत म्हण."