आधी भाकर, मग पत्रक

तुमच्या घरी आलेल्या बाईनं वाढलेलं ताट हळूच मागं सारलं, तर तुमच्या मनात आधी काय येतं? तिचं पोट दुखत असेल, हे येतं, की हिला आपल्या घरचं चालत नाही, हे? खरं सांगा. आपल्या जिल्ह्यात नाकारलेल्या ताटाचा एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लागत आला आहे, आणि तो अर्थ ज्यांनी सोसला त्यांना मी दोष देणार नाही. आक्कांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ताट नाकारलं नव्हतं.

आक्का धाराशिवात आमच्याच गल्लीत राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलींना शाळेतून काढू नका, पोरींची लग्नं लहान वयात लावू नका, अशी पत्रकं त्या स्वतः लिहायच्या, छापून आणायच्या आणि एसटीनं गावोगाव जाऊन वाटायच्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पुढं कॉलेजला गेल्यावर त्यांच्याबरोबर हिंडायला लागले. गावात उतरलं की त्या मोठ्या घरांचा चहा टाळून सरळ शेवटच्या वस्तीत जायच्या. ज्या घरात बाकीचं गाव पाणी पीत नाही, त्या घरात चुलीपुढं मांडी घालून बसायच्या आणि बुक्कीनं कांदा फोडायच्या. "आधी भाकर, मग पत्रक," हा त्यांचा नियम. जेवण झाल्याशिवाय पिशवीची गाठ सुटायची नाही. एकदा मी घाई केली, तेव्हा म्हणाल्या, "ज्याच्या ताटात आपला हात जात न्हाय, त्याच्या कानात आपला शब्द कसा जाईल पोरी?"

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची तर त्या यथेच्छ टर उडवायच्या. आमच्या गल्लीतल्या एका सोवळ्या काकूंना त्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "कांद्याला भिणारा माणूस माणसालाबी भितो." काकू महिनाभर बोलल्या नाहीत.

त्यांचं पोट बिघडलंय, हे मला फार उशिरा कळलं. एसटीच्या प्रवासात त्या सकाळपासून पाणी पीत नसत, ते काटकपणानं, असं मी समजत होते. खरं कारण एवढंच होतं की आपल्या स्टँडांवर बाईनं जावं असा संडास नाही. मग सोनारीजवळच्या एका गावात, भर सभेत, त्या वाक्य अर्धवट टाकून उठल्या आणि निघून गेल्या. बायकांना वाटलं, आक्का रागावल्या. मी शोधत गेले तर त्या शाळेच्या भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा पांढरा, दोन्ही हात पोटावर. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पोलिसांसमोर न डगमगणारी ती बाई माझं मनगट धरून हळू आवाजात म्हणाली, "माझी आई पोटातल्या गाठीनंच गेली. कुणाला सांगू नको."

त्या दिवसापासून भीती माझ्याही पोटात शिरली.

तपासण्या सोलापूरला झाल्या. दुर्बीण आत घातली त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर बसून बाहेर येणाऱ्या प्रत्येक नर्सच्या तोंडाकडे बघत होते. गाठ नव्हती. आतडी हळवी झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी 'लो फॉडमॅप' नावाचा आहार सांगितला. काही पदार्थांतली साखर आतड्यात नीट शोषली जात नाही, ती तिथंच आंबते, वायू धरतो, कळा येतात. म्हणून कांदा, लसूण, गहू, तूर, हरभरा, दूध काही आठवडे बंद. ज्वारीची भाकरी, भात, भेंडी, गाजर, काकडी, शेंगदाणे चालतील. अख्खा लसूण तेलात तळून काढून टाकला तर त्या तेलाची फोडणीही चालेल. आणि पुढचं त्यांनी दोनदा सांगितलं: हे कायमचं नाही. बरं वाटलं की परत या, मग एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघू, ज्यानं खरंच त्रास होतो तेवढाच सोडू.

परतीच्या गाडीत, तुळजापूर गेल्यावर आक्का म्हणाल्या, "म्हणजे मी आता सोवळी झाले."

आहारानं गुण आला. कळा थांबल्या, पोट उतरलं. आणि नेमकं तिथंच सगळं बिघडलं. कारण आक्का आयुष्यभर आंदोलनातल्या. सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी बहिष्कार, आणि बहिष्कार मागं घेणं म्हणजे हार. सोलापूरला परत जायचा विषय काढला की म्हणायच्या, "एकदा टाकला म्हणजे टाकला." आम्हा सगळ्यांना ते बाणेदारपणाचं वाटलं. पण तो बाणा नव्हता. त्या कांद्याकडे बघायच्या, तेव्हा त्यांना ती शाळेची भिंत दिसायची. एक दिवस भेंडीनंतर पोट दुखलं, भेंडी गेली. मग शेंगदाणे गेले. मग भाकरी जड वाटते म्हणून भाकरी. शेवटी भात आणि उकडलेलं गाजर उरलं. सोवळ्या काकू कौतुक करायला आल्या, "शेवटी वळलात बरं का आक्का." जुन्या आक्कांनी त्यांना उंबऱ्याबाहेर घालवलं असतं. या आक्का नुसत्या हसल्या. मला त्या हसण्याची भीती वाटली.

जळकोटजवळच्या वस्तीवर कमलबाईंचं घर आहे. आक्कांनी तिथं जेवढ्या भाकरी खाल्ल्या असतील तेवढ्या स्वतःच्या घरी खाल्ल्या नसतील. त्या दिवशी कमलबाईंनी लसणाची फोडणी दिलेलं तुरीचं वरण, भाकरी आणि कांदा वाढला. आक्कांनी ताटाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर घाम आला. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

कमलबाई डब्याकडे बघत राहिल्या. "आमचं चालंना व्हय आता, आक्का?"

आक्कांनी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण पोट, संडास, वायू, हे शब्द चारचौघांत बाईच्या तोंडून निघू नयेत, हे आपण बायकांना बालपणीच शिकवून ठेवलंय, आणि व्यासपीठ गाजवणाऱ्या आक्काही त्यातून सुटल्या नव्हत्या. त्या मान खाली घालून बसल्या. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. कमलबाईंनी ताट उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग तुमचं पत्रकबी तुमच्यापाशीच असू द्या."

त्यानंतर आक्का कुठल्याही गावाला गेल्या नाहीत. घरात बसून राहायच्या. गाजर मोजून उकडायच्या, घास तोंडात घेऊन थांबायच्या, पोटाकडे कान लावल्यासारख्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. त्यांना वाटायचं गाठ होती, डॉक्टरांना दिसली नाही. मला वाटायचं त्या माझ्यादेखत विझत चालल्यात. एके सकाळी त्या नळावर चक्कर येऊन पडल्या. उचलताना मला जोर लावावा लागला नाही. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटू नये.

दवाखान्यात सलाईन लागलं. सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, गाठ पुन्हा नव्हती. आहारतज्ज्ञ बाई फोनवर जवळजवळ ओरडल्या. आजारानं नाही, भीतीनं हे हाल झालेत, म्हणाल्या. त्याच दिवशी आक्कांचा शब्द मोडून मी कमलबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. संडासासकट.

दुसऱ्या दिवशी कमलबाई पहिल्या गाडीनं आल्या. खाटेजवळ उभ्या राहून आक्कांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पोट बिघडलं म्हणायला काय झालं होतं? आमी काय बिनपोटाची माणसं हाव?"

"लाज वाटली, कमल."

"उपाशी मरायलाव, त्याची न्हाय वाटली."

आक्का रडल्या. कमलबाई रडल्या नाहीत. घरी आणल्यावर त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंना माझ्या फोनवरून खोदून खोदून विचारलं, मग तेलात लसूण तळून बाजूला काढला, त्या तेलात पालक परतला आणि ज्वारीची लहान भाकरी थापली. आठवड्यानं, बाईंनी सांगितलं त्या मापानं, चिमूटभर लसूण आत राहू दिला. आक्कांनी घास उचलून तोंडात घातला. कमलबाई शेजारी बसून स्वतःचं जेवत होत्या, जणू काही घडतच नाही. मी आतल्या खोलीत उभी राहून वाट बघत होते, आता कळ येईल, आता येईल. संध्याकाळ झाली. कळ आली नाही.

लसूण थोडा चालतो. कांद्यानं मात्र खरंच त्रास होतो, हे पुढं सिद्ध झालं. गव्हाची अर्धी पोळी चालते. आक्का अंगानं पुन्हा भरल्यात, पण पूर्वीच्या नाहीत. मी नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला आले. निघताना त्यांनी पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तू वाट. मला गावात जायला अजून भ्या वाटतं." मी रोज फोन करते आणि काय जेवलात विचारते. उत्तर येईपर्यंतचा तो एक क्षण मला अजून मोठा वाटतो.

म्हणून ही विनंती. तुमचं गाव धाराशिवच्या आसपास असेल, तर आक्कांना बोलवा. त्या नको म्हणतील, पुन्हा बोलवा. काय चालतं ते चूल पेटवण्याआधी उघड विचारा. जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका, शेजारी बसून तुमचं तुम्ही जेवा. आणि त्या यायच्या आधी तुमच्या संडासाची कडी आतून नीट लागते का, तेवढं पाहून ठेवा.