सेल्फवाला माझा भाऊ

दिगंबर गेला त्याच्या आदल्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसले होते. नांदेडला गाड्यांचे सेल्फ दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माझा धाकटा भाऊ. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डॉक्टर रोज नवं काहीतरी सुचवायचे आणि मी रोज 'हो' म्हणायचे. माझ्या हातात दुसरं होतं तरी काय?

सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. नांदेडला गेले की त्याच्या दुकानातल्या स्टुलावर माझा मुक्काम असायचा. एकदा मी विचारलं, "एवढीशी मोटर जीपचं धूड फिरवते कशी रे?"

"ताई, मोटर लई जोरात पळती, पन तिच्या अंगात ताकत न्हाई. मदी ह्या बारक्या गिअर हायेत. त्या तिचा वेग मोडत्यात अन् जोर वाढवत्यात."

मग पुढची दातेरी चक्री सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकते, त्याला फिरवते आणि इंजिनानं धरलं की गुमान मागे येते. पण गाडी सुरू होईना की लोक चावी फिरवून धरतात ती सोडतच नाहीत. सेल्फ तापतो, जळतो. मग दिगंबर भर रस्त्यात ओरडायचा, "चावी सोडा राव! दम घिऊ द्या त्याला!"

"बायकोवर आवाज चढत नाही तुझा," मी चिडवायचे.

"हाव. सयपाक तिच्या हातात हाय ना!"

त्या दिवशी डॉक्टर आणखी एक उपाय सांगून गेले. मी मान डोलावली. दिगंबरनं माझं मनगट धरलं. "ताई... आता चावी सोड."

मला कळलं. कळूनही मी तो उपाय सुरू करायला आलेल्या नर्सला थांबवलं नाही. पाठच्या भावाला 'पुरे' म्हणायचं काळीज कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याचं ऐकायला हवं होतं की आणखी झुंजायला हवं होतं... अजून उमजत नाही.

दवाखान्यात दाखवायला तो स्वतः जीप चालवत लातूरला आला होता. ती तेव्हापासून माझ्या दारातच. परवा त्याचा मुलगा सचिन न्यायला आला. बॅटरी उतरलेली, सेल्फ नुसता 'खट्' करून गप्प. शेवटी गल्लीतल्या पोरांनी धक्का दिला. वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून मी बाहेर येते तोवर इंजिनानं धरलं होतं.

"सचिन, थांब रे!"

त्यानं खिडकीतून हात हलवला, पण ब्रेक लावला नाही. जीप कोपऱ्यावरून वळली. थांबून बंद पडली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, मला कळत होतं. तरी ते फडकं छातीशी धरून मी रिकाम्या रस्त्याला 'थांब, थांब' म्हणतच राहिले.