साळवे सरांच्या चुका

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. बहिणीला अर्धी सांगून झाली आहे — म्हणजे सोयीची अर्धी. उरलेली तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

मी गाईड आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद — स्पेनहून, मेक्सिकोहून आलेल्यांना त्यांच्या भाषेत दाखवते. लोकांना गंमत वाटते. गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोरगी आणि घडाघडा स्पॅनिश! कुणाकडं शिकलीस विचारलं, की मी लगेच साळवे सरांचं नाव घेते. इतक्या तत्परतेनं घेते, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय कृतज्ञ बाई आहे.

सर स्वतः जुने गाईड, पडेगावला राहायचे. सकाळी स्कूटरवर क्रांती चौकात यायचे, मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती, तिथं शिकवायचे. आम्ही सहा जण होतो. विशेषणं सुरू झाली आणि दोन उरलो, पुढं मी एकटीच. का पळाले कुणास ठाऊक. तसं पाहिलं तर आपल्यासारखंच आहे की ते — काळा घोडा, काळी गाय, काळे बैल. नाम बदललं की विशेषणानं निमूट बदलायचं. फरक एवढाच, की तिथं विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागून येतं, आणि कोण बाई कोण पुरुष हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं. देऊळ पुरुष. हात बाई. दगडसुद्धा बाई! ज्या गावात दिवसभर दगडच दाखवायचे, तिथं मी त्या दगडाला सहा महिने पुरुष करून बसले होते. सर वैतागायचे नाहीत. म्हणायचे, "आगं, काळा गाय म्हणतीस का तू कधी? नाय ना? मग हितं का म्हणतीस?"

त्यांची शिकवायची एक रीत होती. बोलता बोलता ते मुद्दाम चुकायचे. ‘अंधारी गुहा’ म्हणायचं तिथं ‘अंधारा गुहा’ म्हणायचे आणि तोंडावरची माशी हलू न देता पुढं जायचे. आपण पकडायचं. पकडलं तर खालच्या टपरीवरचा चहा सरांकडून, सुटलं तर आपल्याकडून. मंगळवारी वेरूळ बंद असतं, त्या दिवशी सर मोकळे, म्हणून चुकाही दुप्पट. माझा कान त्या खोलीत तयार झाला. आजही कुणी चुकलं की मला आधी ऐकू येतं, मग कळतं.

आणि म्हणूनच — मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला एकदम पुढं कुणी करत नाही. आधी मागं चालायचं. जुना गाईड पुढं बोलत जाणार, नवा शेवटी राहून डोकी मोजणार, रेंगाळणाऱ्यांना हाकणार, कुणाची टोपी राहिली तर धावत आणून देणार. दोन हंगाम असे काढले की टूर कंपनीचे लोक चेहऱ्यानं ओळखायला लागतात, मग एखादा ग्रुप तुमच्या नावावर येतो. सरांच्या मागं माझा एक हंगाम झाला होता. दुसरा ऑक्टोबरात सुरू व्हायचा होता. घरी मी छाती ठोकून सांगितलं होतं, पुढच्या वर्षी पुढं चालणार.

त्या पावसाळ्यात एका मंगळवारी सर गुहेला पुरुष करून गेले. मी टाळी वाजवून म्हणाले, "सर, पकडलं!" ते हसले. पण हसायच्या आधी एक क्षण त्यांनी माझ्याकडं पाहिलं — काय पकडलं, हे त्यांना कळलं नव्हतं. मी चहा प्यायले. तो चहा मला गोड लागला असं खोटं सांगणार नाही, पण प्यायले.

पुढच्या आठवड्यात तीन चुका. त्याच्या पुढच्यात मी मोजणं सोडलं, आणि पकडणंही. का सोडलं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी बरीच वर्षं मानत आले. चांगलं वाटतं ना असं मानायला? मग ते शेजारच्या इमारतीचा जिना चढून बंद दाराला किल्ली लावत उभे राहिले. मग एकच किस्सा एका तासात दोनदा. मी दोन्हीदा हसले.

हंगाम सुरू व्हायला पंधरा दिवस असतील. सरांची मुलगी, वर्षाताई, नाशिकला बँकेत. त्यांचा फोन आला. मी टपरीपाशीच उभी होते. म्हणाल्या, "आई म्हणती, बाबांचं लई विसरणं चालूय. ती कशालाही घाबरती, तिचं सोड. तू रोज असतीस त्यांच्यासंगं, तू सांग. काही वाटत असलं तर मी आत्ता येते, डॉक्टरला दाखवते."

इथं थांबावंसं वाटतंय. पण थांबण्यासाठी तर हे लिहायला घेतलं नाही.

मी म्हणाले, "नाही हो ताई. सर एकदम टकाटक आहेत. अजून माझ्याच चुका काढतात."

एवढंच. दोन-तीन वाक्यं. फोन ठेवून मी चहा सांगितला. सर घरी बसले तर ग्रुप दुसऱ्या गाईडकडं जाणार, आणि त्याच्या मागं चालायला त्याचा भाचा आधीच तयार होता. माझा दुसरा हंगाम बुडणार. हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख होतं. गोंधळले होते, म्हणायचीही सोय नाही.

तो हंगाम छान गेला. हो, छान. सर पुढं बोलायचे, शब्द सुटला की मी मागून तो भरायची. पाहुण्यांना वाटायचं, काय जोडी आहे! निघताना ते आम्हा दोघांचा फोटो काढायचे. त्या फोटोंत सर माझ्याकडं बघताहेत, वर्गात उत्तर न येणारा मुलगा शेजाऱ्याच्या पाटीकडं बघतो तसे. मी कॅमेऱ्याकडं.

फेब्रुवारीत, वेरूळला, भर दुपारी मी डोकी मोजली तर पाहुणे सगळे होते आणि सर नव्हते. असतील पाणी प्यायला गेलेले, म्हणून मी बोलत राहिले. तासभर बोलले. कंपनीचा माणूस सोबत होता, आणि मी पहिल्यांदाच पुढं चालत होते. संध्याकाळी सर सापडले लासूर स्टेशनला. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून गेले होते. बाजारात कांद्याच्या गोण्यांपाशी उभं राहून हमालांना लेणी समजावून सांगत होते, स्पॅनिशमध्ये. एका पायात बूट नव्हता, तळवा भाजून सोलला होता. हमालांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं, खिशातल्या कार्डावरून फोन केला. त्यांना सरांचा एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांना कळलं.

बहिणीला सांगितलेली अर्धी म्हणजे ही. तो एक तास. तो मी रडत सांगते, आणि ऐकणारा म्हणतो, अगं, तुला काय कल्पना! मग मला बरं वाटतं. त्या तासाच्या आड तो फोन मी इतकी वर्षं लपवला.

डॉक्टर म्हणाले, हा आजार थांबत नाही. वर्षाताईंनी विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, थांबला नसताच, पण त्यांना स्वतःला समजत होतं तोवर त्यांनी स्वतःचं काही ठरवलं असतं, घरच्यांशी बोलून घेतलं असतं. आता ते अवघड आहे. म्हणजे ते चार महिने होते. सरांचे होते, त्यांच्या बायकोचे, माईंचे, वर्षाताईंचे होते. मी ते वेरूळच्या पायऱ्यांवर वापरून टाकले.

आता मी बोलते ती वाक्यं त्यांची आहेत. गुहेत आवाज घुमतो आणि माघारी येतो, तेव्हा विशेषणाशी येऊन माझी जीभ अडते — मागं कुणीतरी उभं राहून ऐकतंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. रोज वाटतं, रोज नाही बघत.

दवाखान्यातून आणल्यावर मी पडेगावला गेले होते. सर खिडकीपाशी बसले होते, मला ‘मॅडम’ म्हणाले. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वर्षाताई माझा हात धरून रडायला लागल्या. "आई सांगत होती गं. मीच ऐकलं नाही. तुला विचारलं होतं, पण तुलाही कसं कळावं? चूक माझीच. पोटची पोर मी."

माई माझ्याकडं बघत होत्या. वर्षाताई वाट बघत होत्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हणाले, "ताई, स्वतःला त्रास करून घेऊ नका."

सात वर्षं झाली. त्या अजून करून घेतात.