गणपतआबांचं भिंग

माझे साडू प्रतापराव यांनी मला पाच वर्षं फसवलं. कळसच्या गणपतआबांनीही मला तेवढीच वर्षं फसवलं आणि त्या कामात माझी बायको त्यांना सामील होती. पहिल्या फसवणुकीत माझे सव्वादोन लाख गेले. दुसरीत एक पैसाही गेला नाही, तरी जास्त राग मला दुसरीचाच आला होता. आज आबा नाहीत. साडू आहेत, बारामतीत त्यांचं ऑफिस आहे आणि दारावर सोनेरी अक्षरांची पाटी आहे. म्हणून आधी आबांविषयी लिहितो. साडूंचं शेवटी बघतो.

आबांच्या हातात छापलेला कुठलाही कागद द्या, ते तो आधी उलटा करत. मग कोपरीच्या खिशातून भिंग काढत आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत येत. खताची पिशवी असो, गोळ्यांची पट्टी असो, नाहीतर निवडणुकीचं पत्रक असो, पद्धत तीच. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नपत्रिकेवरून झाली. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शेजारी, सुमन त्यांच्या अंगणात वाढलेली. मी पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी ती फिरवली, तळाशी भिंग लावलं आणि म्हणाले, "आहेर स्वीकारला जाणार न्हाय, असं लय बारीक लिवलंय. म्हंजी घ्यायचा इचार हाय." मी तिथंच तापलो. तापलो, कारण खरंच घ्यायचा विचार होता.

"बारीक अक्षर म्हंजी लिवणारा लाजतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मी पुढं तीस वर्षं ऐकलं आणि तीस वर्षं हसण्यावारी नेलं.

आबा एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. आमच्या भागात माणसाचा देवावर विश्वास असतो, पुढाऱ्यावरही अधूनमधून बसतो, पण काट्यावर कुणाचा नसतो. त्यातूनही आबांच्या पाळीला ट्रॉली लावायला शेतकरी थांबून राहत. त्याच शेतकऱ्यांना आबा कडक वाटत. भरलेली ट्रॉली तोलताना ड्रायव्हर सीटवर बसून असायचा आणि रिकामी तोलताना चहाला गेलेला असायचा, म्हणजे एक माणूस उसाच्या भावात खपायचा. आबा खिडकीतून ओरडत, "ए, खाली उतर. ऊस तोलायचाय, तुला न्हाय." एकदा एका साहेबानं दुसऱ्या बाजूनं सुचवलं, की ट्रॉलीमागं जरा कमी धरत जा, कुणाला कळतंय? आबा म्हणाले, "धरतो की. तसं लिवून द्या. मोठ्या अक्षरात." साहेबानं काही लिहून दिलं नाही.

आता माझं. इंदापुरात मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. माझे वडील मला लहानपणी जनावरांच्या बाजारात न्यायचे. तिथं दोन माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. ती विद्या मी तिथंच शिकलो आणि तिच्यावर घर, दुकान, पोराचं शिक्षण सगळं उभं केलं. पोरगा आता पुण्यात असतो. त्याच्यापुढं कधी हात पसरायचा नाही, हे मी आणि सुमननं मिळून ठरवलेलं. पण आम्हाला पेन्शन कुठली? जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याला कोण पेन्शन देतो?

ही गोष्ट प्रतापरावांना बरोबर ठाऊक होती. सुमनच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. आधी त्यांनी मोबाईलचं दुकान चालवलं, मग जमिनीचे प्लॉट विकले आणि शेवटी 'संपत्ती नियोजनकार' झाले. पाच-सहा वर्षांपूर्वी ऐन मार्चात ते कोट घालून माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आले.

"रामभाऊ, कर वाचेल, विमा मिळेल आणि म्हातारपणाची गॅरंटी. एका सहीत तिन्ही. वर्षाला फक्त एक लाख."

मी विचारलं, "तुम्हाला त्यातलं किती?"

ते लाजले. मी दोन तास त्यांना उठू दिलं नाही. शेवटी पहिल्या वर्षीच्या कमिशनातले पंधरा हजार त्यांनी मला परत द्यायचे, वर कंपनीचं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, असं ठरलं. जाताना त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, साडूला रडवला. ते हसू दाबल्याचं पाणी होतं, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

हा पराक्रम सांगायला मी मुद्दाम कळसला गेलो. आबांनी पॉलिसी घेतली, उलटी केली, भिंग लावलं.

"रामभाऊ, हितं लिवलंय, मधीच मोडली तर भरल्यालं सगळं माघारी मिळणार न्हाय."

"मोडतंय कोण? पंधरा हजार कमी केलेत मी, आबा."

"रुमालाखाली बोटं कुणाची व्हती?"

"माझी आणि साडूची."

"न्हाय. साडूची आन् कंपनीची. तुमी तितं बैल म्हणून हुबं व्हता."

मी तडकलो. तरी आबांनी नेटानं पुढं सांगितलं. पेन्शनचं एक खातं असतं. त्यावर करही वाचतो. त्यातले तीन वाटे देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये सगळीकडं थोडे थोडे टाकायचे, एक वाटा सरकारी रोख्यांत ठेवायचा, आणि मग त्याकडं रोज बघायचं नाही.

"कुठली कंपनी वर जाणार, हे कोण सांगणार?" मी विचारलं.

"कुनीच न्हाय. एका शेताचा उतारा कमी येतो, दुसऱ्याचा जास्ती. आपण आख्ख्या हंगामाचा उतारा धरायचा. इंडेक्स म्हंत्यात त्येला. हुशारी कराय माणूस ठेवायचा न्हाय, म्हणून खर्च कमी. ट्रॉलीमागं धा-ईस किलो गेलं तर कळत न्हाय, रामभाऊ. सगळ्या हंगामाचं तोललं की कळतं."

"आणि भाव कुणाशी करायचा?"

"मधी कुणी न्हाईच. म्हणून तर सस्त हाय."

माझं सगळं आयुष्य भाव करण्यात गेलेलं. ज्या व्यवहारात समोर माणूसच नाही, तो मला व्यवहार वाटेना. शिवाय माझ्या धंद्यात स्वस्त ट्रॅक्टर म्हणजे इंजिन गेलेला ट्रॅक्टर. "आबा, फुकटचं कुणी काही देत नसतं," असं सुनावून मी उठलो. त्यांच्या सुनेनं आणलेला चहाही घेतला नाही. तो चहा मला अजून आठवतो.

त्या वेळी सुमन लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या कँटीनला चपात्या पुरवायची. हाताखाली तीन बायका होत्या. ते पैसे तिचे. त्यात मी कधी हात घातला नाही, असं मी म्हणतो. ती तसं म्हणत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती कळसला जायची. विचारलं तर म्हणायची, "भिशी हाय." मी तिच्या भिशीची टिंगल करायचो. आलेल्या पाहुण्याला भिंतीवरचं घड्याळ दाखवायचो आणि म्हणायचो, बायका भिशीत बुडतात, आम्ही गॅरंटी घेतो.

पाच हप्ते भरले. मग माझा उजवा खांदा गेला. डॉक्टरनं वजन उचलायला आणि ट्रॅक्टर चालवून बघायलाही बंदी केली. चालवून बघितल्याशिवाय जुना ट्रॅक्टर घेणं म्हणजे फोटोवर बैल घेणं. धंदा निम्म्यावर आला, सहावा हप्ता जमेना. मी बारामतीला साडूंच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर बँकॉकच्या समुद्रकिनाऱ्यावर फुलाफुलांच्या शर्टातले प्रतापराव. कंपनीनं फुकट नेलं होतं म्हणे. कंपनीनं कशाला, मीच नेलं होतं.

"पॉलिसी मोडायची आहे," मी म्हणालो.

"अरेरे! पण रामभाऊ, गॅरंटी पूर्ण मुदतीची होती. शेवटच्या पानावर स्पष्ट दिलंय."

पाच लाख भरले होते, हातात पावणेतीन पडले. मी आरडाओरडा केला, तेव्हा ते प्रेमळपणे म्हणाले, "आणि तुम्हाला तर आपण पंधरा हजारांची सूटही दिली होती."

घरी येऊन मी घड्याळ भिंतीवरून काढून उकिरड्यावर फेकलं. सुमननं ट्रंकेतून एक कागद आणला.

"हे काय?"

"वाचा. खालनं वर वाचा."

मी वाचला. तिच्या नावाचं पेन्शन खातं. वर्षाचा खर्च तळाशी होता. तेवढ्यात माझ्या शेडमधल्या माणसांचा दोन-तीन दिवसांचा चहा होईल. आणि वर, भरलेल्यापेक्षा जास्त रक्कम.

"ही तुझी भिशी?"

"व्हय."

"उद्याच्या उद्या काढ हे. धंद्यात घालू."

"साठीपतुर निघत न्हाय."

"असल्या ठिकाणी पैसे ठेवायला सांगितलं कुणी?"

"आबांनी. म्हणलं, तुज्या नवऱ्याला जुना ट्रॅक्टर दिसला की त्याचा हात खिशात जातो. आपण कुलूपवालंच खातं बघू."

मी तसाच गाडी काढून कळसला गेलो. आबा आजारी होते, ओसरीवर खाटेवर पडून होते. अंगात मांस राहिलं नव्हतं, पण उशाला भिंग होतं.

"आबा, तुम्ही मला फसवलं."

"व्हय."

इतकं सरळ उत्तर आलं की पुढं भांडायला काही उरलं नाही. तरी मी म्हणालो, "बायकोचं सोडा. मला दुसऱ्यांदा का सांगितलं नाही?"

"पैल्यांदा सांगितलं, तवा तुमी चा सुदिक घेतला न्हाय. मागं एकदा बाजार पडला व्हता. सुमन रडत आली, म्हणली काढून घ्यू? म्या म्हणलं, ट्रॉली चढावर दमली म्हणून ऊस रस्त्यात टाकत्यात व्हय? तिनं ऐकलं. तुमी आसता तर बाजाराशीच भांडला आसता." मग म्हणाले, "रामभाऊ, तुमी माणसाशी लय झ्याक भांडता. कागदाशी भांडाय शिका."

त्या दिवशी मी चहा घेतला. दोन कप घेतला. आबांनी पडल्या पडल्या मला खातं उघडायला लावलं. माझं वय बघून निम्मं शेअरमध्ये, निम्मं रोख्यांत. उरलेल्या पावणेतीनातले दोन लाख तिथं गेले. निघताना त्यांनी भिंग हातात दिलं. "दोन दिस ठिवा. साडूचे सगळे कागद वाचून काढा. आन् माघारी आणून द्या. फुकट न्हाय दिलेलं."

सगळे कागद वाचायला मला नऊ दिवस लागले. भिंग परत करायच्या आधीच आबा गेले.

त्यांच्या दहाव्याला सगळं कळस लोटलं होतं. आमच्याकडं दहाव्याला माईक असतो आणि माईक असला की श्रद्धांजलीची भाषणं होतात. गावचे जावई म्हणून प्रतापराव उभे राहिले. "आबा म्हणजे बचतीचं चालतंबोलतं विद्यापीठ! त्यांचा आदर्श समोर ठेवूनच मी या गावातल्या कित्येक कुटुंबांचं भविष्य सुरक्षित केलं." मागं त्यांचा माणूस लोकांच्या हातात कार्डं देत फिरत होता. मलाही एक मिळालं. मी ते उलटं केलं, खिशातून भिंग काढलं. तळाशी होतं: 'निर्णयाची सर्वस्वी जबाबदारी ग्राहकाची राहील.'

मी उठलो. खांदा दुखत होता, पण आवाज शाबूत होता.

"प्रतापराव, माझ्या पहिल्या लाखातले किती तुमच्या घरी गेले, तेवढं या माईकवरून सांगा."

"रामभाऊ, ही वेळ नव्हे. आपण घरी बसून बोलू."

बायकांच्या घोळक्यातून सुमनचा आवाज आला, "मोठ्यानं इचारा, हितं ऐकू येत न्हाय!"

मी मोठ्यानं विचारलं. प्रतापरावांना अचानक फोन आला आणि ते मांडवाबाहेर जाऊन बोलत राहिले, गाडीत बसेपर्यंत. नंतर मी कळसमधली घरं फिरलो. अकरा घरांत तेच घड्याळ आहे. अकराही जणांना वाटतं, आपण प्रतापरावांना भावात हरवलं.

दहाव्याला तीन महिने झाले. 'घरी बसून' बोलणं अजून झालेलं नाही. म्हणून प्रतापराव, इथं विचारतो. माझ्या आणि त्या अकरा घरांच्या पहिल्या हप्त्यातले किती पैसे तुमच्याकडे आले? मधेच मोडली तर काय हाती पडेल, हे त्यातल्या एकाला तरी तुम्ही तोंडानं सांगितलं होतं का? आबांचं भिंग माझ्याकडेच आहे, पण ते मला तुमच्यासाठी वापरायचं नाही. उत्तर लिहून द्या. मोठ्या अक्षरात.