मागच्या सीटखालची वायर

माझी जुनी पेट्रोल गाडी चढाला लागली की मधेच बंद पडायची. मोखाड्याच्या मेकॅनिकनं सांगितलं, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा छोटा स्विच, गेलाय, नवा मागवायला चार दिवस लागतील. मी पंचायत समितीत कारकून. पण घरातले पंखे, मिक्सर मीच दुरुस्त करतो, त्याची घमेंड होती. आईचा पाय मोडलेला, प्लास्टर दाखवायला तिला दुसऱ्याच दिवशी जव्हारला न्यायचं होतं. मी बॅटरीपासून सरळ वायर ओढली, स्टिअरिंगखाली घरच्या बोर्डाचं एक बटण बसवलं आणि वायर मागच्या सीटखालून पंपाला जोडली. मधे फ्यूज टाकला नाही. गाडी चालू झाली. बायकोला म्हणालो, "बघ, रिलेशिवायसुद्धा चालते."

दुसऱ्या दिवशी आईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं आणि निघालो. अर्धा घाट चढलो असू.

"काय जळतंय रे?" आईनं विचारलं.

मलाही वास आला होता. आरशात पाहिलं तर तिच्या सीटच्या कडेनं धूर येत होता. मी गाडी कडेला घेऊन चावी काढली. इंजिन थांबलं, धूर थांबला नाही. बटण दाबायला गेलो तर त्याचं प्लास्टिक मऊ पडलेलं, ते हलेचना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही वायर चावीच्या ताब्यात नाहीच. मीच ती तशी जोडली होती. आणि आईच्या खाली पेट्रोलची टाकी होती.

मी मागचं दार उघडून तिच्या काखेत हात घालून तिला ओढू लागलो. प्लास्टरचा पाय दोन सीटांच्या मधे अडकला. तिनं माझा शर्ट घट्ट धरला होता.

मागून प्रवासी भरून नेणारी वडाप जीप आली. ड्रायव्हर उतरला, धूर पाहून म्हणाला, "बॉनेट उघडा. पक्कड हाय?"

जीपमधल्या दोन बायकांनी आईचा पाय सोडवला आणि तिला उचलून लांब दगडावर नेऊन बसवलं. मी बॉनेट उघडून पक्कड दिली, ड्रायव्हरनं बॅटरीजवळची माझी वायर तिनं तोडली. थोड्या वेळानं धूर विरला.

त्याच जीपनं आम्ही जव्हारला गेलो. गाडी दुसऱ्या दिवशी ओढून जव्हारलाच आणली. तिथल्या इलेक्ट्रिशियननं सीट उचलून दाखवलं. लोखंडी पट्टीवर घासून वायर उघडी पडली होती, खालचं गालिचाचं कापड काळं झालं होतं.

"बटणानं फक्त रिलेला इशारा द्यायचा," तो म्हणाला. "पंपाचा करंट रिलेतून जातो, आणि बॅटरीपाशी फ्यूज पाहिजेच. फ्यूज असता तर तो उडाला असता, एवढंच."

एवढंच. मी मान हलवली.

बायको सोडून घरी सगळ्यांनी गृहीत धरलं, की गाडी जुनी झाली म्हणून धूर आला. मीही आठवडाभर गप्प राहिलो. शेवटी आईला जेवण वाढताना सांगितलं की ती वायर मी लावली होती.

तिनं घास खाली ठेवला. "मला तिथंच कळलं होतं," ती म्हणाली. "सगळे गाडीकडे बघत होते, तू बघतच नव्हतास."

मग तिनं भाजी मागितली. अजूनही गाडीत बसली की तिचा हात दाराच्या कडीवर असतो.