पाइपातलं पाणी

बारावीला मी शिरूरच्या क्लासमधला केमिस्ट्रीचा वाघ होतो, असं माझं स्वतःचं मत होतं. वर्गात दुसऱ्या कुणाचं तसं नव्हतं, पण मला त्याची गरजही वाटली नाही. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या सीटवर मी मनातल्या मनात रुमाल टाकून ठेवला होता.

घरी गोबरगॅस. शेगडी पेटवायच्या आधी आई रोज पाइपाचा खालचा नळ सोडून आत साचलेलं पाणी काढायची, नाहीतर जाळ फडफडतो. एकदा ती नळाशी बसलेली असताना मी तिला मोठ्या ऐटीत गणित ऐकवलं. दहा मिली मिथेन, पन्नास मिली ऑक्सिजन, पेटवला, थंड केला, आता गॅस किती उरला? दहा मिथेनला वीस ऑक्सिजन लागतो, म्हणजे ऑक्सिजन उरला तीस. कार्बन डायऑक्साइड झाला दहा, वाफ वीस. एकूण साठ.

"साठ घातला, पेटवला, आन् साठच उरला?" आई म्हणाली. "आसला गॅस आपल्याला बी आण की बाबा."

"आई, ही केमिस्ट्री हाय."

"आसंल. पर थंड झाल्यावर वाफंचं पाणी न्हाई का होत? मग ह्या नळातनं रोज काय दूध निघतं व्हय?"

मी हसलो. चौथी शिकलेली बाई मला गॅसचा हिशोब शिकवणार! पुस्तकात मागं उत्तर दिलं होतं, तेही बघितलं नाही.

इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा दौंडला झाली. तोच प्रश्न, फक्त आकडे बदललेले. मी वाफ धरून उत्तर दिलं आणि बाहेर येऊन खुशीत दोन वडापाव हाणले. उत्तरं जाहीर झाली तेव्हा कळलं, थंड झाल्यावर वाफेचं पाणी होतं आणि ते गॅसमध्ये धरत नाहीत. सीट अगदी थोडक्यात गेली, तेवढा एक प्रश्न बरोबर असता तर मिळाली असती. आईला सांगितलं, पेपरच चुकीचा काढला होता. तिनं ऐकून घेतलं.

आता मी सणसवाडीत एका कंपनीत कंप्रेसरवर असतो. शिफ्टला गेलं की पहिलं काम म्हणजे हवेच्या टाकीचा खालचा नळ सोडायचा आणि हवेतल्या वाफेचं साचलेलं पाणी काढायचं.

परवा जेवताना आईनं विचारलं, "कंपनीत नेमकं काय करतोस रं?"

"पाणी काढतो. टाकीतलं."

ती हसली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

"आई, तो पेपर चुकीचा नव्हता."

"ठाव हाय मला," ती म्हणाली, आणि मला भाकरी वाढली.