तिसऱ्या बेसमागचा एमिल

माझा मेहुणा एमिल ह्रुश्का शाळेची बस चालवायचा. बसमध्ये चाळीस पोरं कितीही किंचाळली तरी त्याचा आवाज कधी चढला नाही. पण आमच्या ड्रेसलर गावच्या बेसबॉल मैदानावर, तिसऱ्या बेसमागच्या आमच्या बाकांवर बसला की हाच माणूस घशाच्या शिरा ताणून ओरडायचा, आणि नेमका अशा खेळाडूसाठी, ज्याला उरलेला सगळा गाव शिव्या घालत असे.

त्या खेळाडूचं नाव डेल प्रुइट. आमची टीम हॅमर्स, टोपीवर हातोडा. मोठ्या लीगमध्ये कधी जमलं नाही किंवा जमून सुटलं, अशी तिशी ओलांडलेली माणसं आमच्याकडे येतात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि उन्हाळाभर खेळतात. प्रुइट आला तो तिसऱ्या बेसवर खेळायला. पहिल्याच घरच्या सामन्यात एक सरळ सरपटत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. दुसरा त्याने पकडला, पण पहिल्या बेसकडे असा फेकला की तिथला खेळाडू उडी मारूनही हात लावू शकला नाही. सामना गेला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

एमिल मात्र उभा राहिला आणि ओरडला, "डेल! काही नाही रे! पुढचा बघ!"

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. आमच्या पुढच्या रांगेत टिली व्हॅनडर्वीन बसायची. गावातलं केस कापायचं दुकान तिचं, आणि तोंड असं की अंपायरही तिच्याकडे बघायचं टाळायचा. ती म्हणाली, "काय एमिलराव, पुतण्या लागतो का तुमचा?"

"खेळाडू आहे तो," एमिल म्हणाला.

"तेच तर मला दिसत नाहीये!"

घरी जाताना मी विचारलं, त्याच्यात काय दिसलं तुला? एमिल म्हणाला, "गस, चेंडू सुटला की बाकीचे काय करतात? हातमोज्याकडे बघतात. जशी काही मोज्याचीच चूक. नाहीतर जमिनीवर पाय घासतात, खडा शोधतात. याने कुठेच बघितलं नाही. गुडघे वाकवले आणि पुढच्या चेंडूची वाट बघत उभा राहिला."

"पण पुढचाही सोडला."

"ते वेगळं."

झालं. त्या दिवसापासून प्रुइट एमिलचा. आणि ज्याच्यावर गाव जीव टाकायचं तो राफी एस्कोबेडो एमिलच्या डोक्यात जायचा. राफी मधल्या मैदानात खेळायचा. देखणा होता, उंच उडालेला साधा झेलही शेवटच्या क्षणी धावत येऊन पडत-झडत घ्यायचा, मग टोपी काढून बायकांच्या बाकांकडे हलवायचा. टिलीच्या दुकानात आरशाशेजारी त्याचा फोटो होता. एमिल म्हणायचा, "आधीपासून धावला असता तर उभ्याने घेतला असता. पण मग टाळ्या कोण वाजवणार!" हे बोलणं खोटं नव्हतं. पण राफी धावा काढत होता आणि प्रुइट काढत नव्हता. हे कोणी काढलं की तो जास्तच चिडायचा.

भांडणं मैदानापुरती राहिली नाहीत. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, विकायला बसलेल्या बायकांसमोर, जिथे कोणी प्रुइटचं नाव काढी तिथे एमिल थांबायचा. गावच्या रेडिओवर संध्याकाळी लोकांचे फोन घेत. एमिल तिथेही फोन लावायचा.

"ड्रेसलरहून एमिल बोलतोय."

"तेच का तुम्ही, प्रुइटवाले एमिल?"

"दुसरा कोणी प्रुइटवाला असता तर मला फोन करावा लागला नसता!"

निवेदक हसायचा, धन्यवाद म्हणायचा आणि फोन कापायचा. एमिल रिसीव्हर हातात धरून तसाच उभा. माझी बहीण लोरेन स्वयंपाकघरातून ओरडायची, "ठेव तो आता! तुझं बोलणं आपल्या घरातसुद्धा कोणी ऐकत नाही, गावाला कशाला ऐकवतोस?"

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने तिची पलंगावरची चादर घेतली आणि त्यावर निळ्या रंगाने लिहिलं: 'डेल, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.' एक टोक त्याने धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी मेहुणा, करतो काय. टिलीने वळून सावकाश वाचलं.

"आम्ही म्हणजे कोण रे? तू आणि उशी?"

सगळे बाक हसले. त्याच वेळी प्रुइट बॅट घेऊन निघाला होता. त्याने एकदा चादरीकडे बघितलं, मान खाली घातली, आणि तीन चेंडूंत बाद होऊन परत गेला. हुर्योचा आवाज इतका झाला की नदीपलीकडे ऐकू गेला असेल. एमिल त्या आवाजावर ओरडत राहिला. तो ओरडला की लोक आणखी चेकाळायचे. लोक चेकाळले की तो आणखी ओरडायचा. माझ्या हातातलं चादरीचं टोक घामाने ओलं झालं होतं.

त्याच सुमारास लोरेनचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं. रविवारी सकाळी कपड्यांची दोन गाठोडी घेऊन एमिल आणि मी चौकातल्या, नाणी टाकून मशीन चालवायच्या धुलाईच्या दुकानात गेलो. तिथे डेल प्रुइट एकटाच उभा राहून मोज्यांच्या जोड्या लावत होता. एमिलने गाठोडं माझ्या अंगावर टाकलं, शर्ट खाली ओढला आणि पुढे गेला.

"डेल, मी एमिल ह्रुश्का."

प्रुइटने हात पुढे केला. जवळून तो मैदानावर दिसायचा त्याहून बारीक वाटत होता. मग त्याने एमिलचा आवाज ओळखला असावा. म्हणाला, "तिसऱ्या बेसमागे ओरडता ते तुम्हीच का?"

"मीच!" एमिलचा चेहरा उजळला.

"चादरही तुमचीच?"

"बायकोची."

प्रुइट हसला नाही. हातातला मोजा त्याने खाली ठेवला. "राग मानू नका. तुमच्याशी कधीतरी बोलायचंच होतं मला. तुम्ही ओरडू नका. एवढं कराल का?"

एमिलला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय करू?"

"ओरडू नका माझ्यासाठी. कसं होतं, मी तिथे उभा असतो, लोक बिअर पीत असतात, गप्पा मारत असतात. मी असलो काय, नसलो काय. मग तुम्ही माझं नाव घेता, आणि त्यांना आठवतं, की हा अजून इथेच आहे. मग सुरू होतं."

"अरे, पण सुरुवात ते करतात. मी तर..."

"माहितीये मला. तुमचं मन चांगलं आहे. पण बॅट उचलताना मी कान लावून बसतो, आता तो माणूस ओरडणार, मग ते ओरडणार. चेंडू दिसतच नाही मला." त्याने कपडे पिशवीत कोंबले, अर्ध्या जोड्या तशाच राहिल्या. "प्लीज."

"बरं," एमिल म्हणाला. दुसरं काय बोलणार?

तो गेल्यावर एमिल फिरत्या मशीनसमोर बसून राहिला. मी म्हटलं, उद्धट आहे, सोड. तो माझ्यावरच उखडला. "उद्धट कुठे बोलला तो? नीट बोलला! उद्धट बोलला असता तर चार शब्द ऐकवता तरी आले असते मला."

पुढच्या सामन्याला एमिल गप्प बसला. प्रुइट बॅट घेऊन आला तेव्हा टिलीने मान वळवली. तिने तोंड उघडं ठेवलं होतं, उत्तर तयार होतं, फक्त आधी एमिलने काहीतरी म्हणायला हवं होतं. एमिल शेंगदाणे सोलत होता.

"आजारी आहेस का रे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग भांडण झालं? तुझं आणि त्याचं?"

"समोर बघ, टिली."

थोडी हुर्यो झाली, पण तिला जोर नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत ती विरत गेली. आणि प्रुइट खेळायला लागला. आधी छोटे फटके, मग लांब. एका सामन्यात त्याने शेवटच्या इनिंगला होमरन मारला, चेंडू थेट कुंपणाबाहेर, आणि तिसऱ्या बेसमागचे आमचे सगळे बाक उठून नाचले. एमिल बसूनच होता. त्याच्या पायाशी सालांचा ढीग झाला होता आणि सोललेले दाणे त्याने खाल्लेच नव्हते.

गाडीत तो स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "त्याचं खरं असेल, तर दोन उन्हाळे मीच त्याला बुडवला. आणि खोटं असेल, म्हणजे तो नाहीतरी आत्ताच खेळायला लागणार होता, तर मी फुकट तोंड शिवून बसलोय! सांग, यातलं कुठलं?"

"मला काय ठाऊक?"

"तुला कधी काही ठाऊक असतं का, गस!"

खरा तमाशा पुढच्या सामन्यात झाला. प्रुइटने एक कठीण चेंडू उलट्या हाताने अडवला, आणि टिली व्हॅनडर्वीन बाकावर चढून ओरडली, "शाब्बास माझ्या डेल! मी पहिल्यापासून सांगत होते, याच्या हातात जादू आहे!"

एमिल ताडकन उठला. "तू? तू सांगत होतीस?"

"मग!"

"या बाकावर बसून तू त्याला म्हणाली होतीस की घरी जा आणि बटाटे सोल!"

"ते प्रेमाने म्हणाले होते. माणसाला कधी कधी टोचावं लागतं. तुझ्यासारखं लाडावलं की बिघडतो तो. बघ ना, तू गप्प झालास आणि सुधारला!"

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.  त्या धुलाईच्या दुकानातली गोष्ट एमिलने कोणालाच सांगितली नव्हती, लोरेनलासुद्धा नाही, आणि मला त्याने शपथ घातली होती. त्यामुळे तिला उत्तर देता येईना. तो बाहेर गेला आणि सामना संपेपर्यंत गाडीत बसून राहिला. रेडिओ लावायचीही त्याची तयारी नव्हती.

मधल्या काळात राफीचा खेळ उतरला होता. झेल घेण्याच्या त्याच्या त्या नाटकात आता झेलच सुटायला लागले, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच त्याची हुर्यो सुरू केली. मी म्हटलं, "आता तरी खूश हो, गाव तुझ्या बाजूला आलं." एमिलने एकदा त्यांच्याबरोबर ओरडून बघितलं. मग खाली बसला आणि म्हणाला, "यांच्याबरोबर ओरडायला मजा येत नाही. यांना कळत काहीच नाही."

त्या उन्हाळ्याच्या शेवटी बातमी आली की प्रुइटला टेक्ससच्या एका टीमने बोलावलं, आमच्यापेक्षा वरच्या लीगमध्ये. शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. सामन्याआधी त्याच्या हातात माइक दिला. तो फार बोलणारा नव्हता. टीमचे आभार मानले, घरमालकिणीचे मानले. मग आमच्या बाकांकडे हात करून म्हणाला, "आणि तिसऱ्या बेसमागची ही मंडळी. तुम्ही कायम माझ्या पाठीशी होतात."

टिली हुंदके देऊन रडायला लागली. "आपल्याबद्दल बोलतोय तो! माझ्याकडे बघितलं त्याने!" लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी एमिलकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "या सगळ्यांना? या सगळ्यांना धन्यवाद?"

"सांग ना जाऊन त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू?"

पण सामना संपल्यावर तो गेला. खेळाडू जिथून बाहेर पडतात त्या फाटकाशी सह्यांसाठी रांग लागली होती. टिली पुढे होती, राफीचा फोटो काढून त्या जागी लावायला प्रुइटचा फोटो घेऊन आली होती. एमिलकडे काहीच नव्हतं. मी त्याला माझी टोपी दिली. उन्हात बराच वेळ गेला. शेवटी तो पुढे पोचला तेव्हा मी त्याच्या खांद्यामागेच होतो.

प्रुइटने टोपी घेतली, हातोड्याखाली सही केली, मग वर बघितलं आणि हात थांबला.

"एमिल ना?"

"हो."

प्रुइट काहीतरी बोलणार असं वाटलं. मागून लोक रेटत होते. त्याने टोपी परत दिली आणि म्हणाला, "थँक्यू, थांबल्याबद्दल."

एमिलने मान हलवली आणि आम्ही बाजूला झालो. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बघ, नाव लक्षात ठेवलं तुझं. आभारही मानले."

"कशाबद्दल मानले?"

"थांबल्याबद्दल. तूच तर ऐकलंस."

"तेच विचारतोय. रांगेत थांबलो म्हणून, की ओरडायचा थांबलो म्हणून?"

मी विचार केला. "ओरडायचा थांबलास म्हणूनच असणार."

"मग माझ्या पुढच्या म्हातारीला काय म्हणाला? मी ऐकलं. तिलाही म्हणाला, थांबल्याबद्दल थँक्यू. ती कुठे ओरडायची थांबली होती?"

"मग रांगेतलं असेल."

"असेल म्हणजे? तू तिथे उभा होतास ना?"

"एमिल, जा परत आणि विचार त्याला!"

त्याने गाडी खरंच वळवली. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं, फक्त एक माणूस झाडू मारत होता. प्रुइट विमान पकडायला निघून गेला होता. एमिल खिडकीची काच खाली करून त्या झाडूवाल्याकडे बघत राहिला, जणू त्याला विचारावं की काय. मग गाडी गिअरमध्ये टाकली.

टेक्ससमध्ये प्रुइट एकच हंगाम खेळला असं नंतर पेपरात आलं. पुढे काय झालं त्याचं, ते आमच्यापैकी कोणाला कळलं नाही. टिलीच्या दुकानात त्याचा फोटो अजून आहे, आणि केस कापताना ती गिऱ्हाइकांना सांगते की या माणसाला आम्ही घडवला.

एमिलने पुढच्या वर्षी आमची जागा सोडली आणि पहिल्या बेसच्या बाजूला दोन सीट घेतल्या. तिथे दुपारभर ऊन तोंडावर येतं आणि म्हणून कोणी बसत नाही. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "यंदा कोण तुझा?"

"कोणी नाही. सगळे ठीक आहेत."

"आणि न आवडणारा?"

"सगळे ठीक आहेत म्हटलं ना!" असं म्हणून तो बिअरवाल्याशी ग्लासात फेसच जास्त आहे म्हणून भांडायला लागला. तिसऱ्या बेसवर नवा पोरगा उभा होता, आणि त्याच्या हातून पहिलाच चेंडू सुटला. समोरच्या बाकांवरून टिलीचा आवाज इथपर्यंत आला. एमिल वळलासुद्धा नाही. "अर्धा फेस आहे," तो बिअरवाल्याला म्हणाला. "बघ तूच. अर्धा."